दिव्याचं तोंड

१

काम तसं काही अवघड नव्हतं. आठ दिवस, सात कोळी, आणि पुढच्या रविवारी दस्तूर सर मुंबईहून परततील तेव्हा सातच्या सात जिवंत पाहिजेत. झालं! एवढ्यावर श्रीपतीची कॉलेजातली डेमॉन्स्ट्रेटरची जागा पक्की होणार होती. सरांनी तसं तोंडानं सांगितलं होतं, आणि प्राणिशास्त्र विभागात सरांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. खडकीच्या एका खोलीत आई, वडील आणि दोन धाकट्या बहिणी त्या जागेकडे डोळे लावून बसले होते. आईनं तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं.

कोळी म्हणजे आढ्याला लोंबणारे ते काडीपैलवान नव्हेत हां. हे टॅरंटुला. हाताच्या पंजाएवढे, केसाळ, आणि चालले की वाटावं कुणीतरी हातमोजा घालून पियानोवर बोटं फिरवतंय. सरांनी ते हौसेनं पाळले होते, लोणावळ्यात वलवणच्या अंगाला असलेल्या त्यांच्या पत्र्याच्या बंगल्यात. मागच्या लांबोडक्या खोलीत, कमरेच्या उंचीच्या फळीवर, ओळीनं सात काचेच्या पेट्या. वर जाळीचं झाकण, झाकणावर अर्धी अर्धी वीट. प्रत्येक पेटीत माती आणि दडायला एक खापर. सगळ्यांत डावीकडच्या पेटीत थोरली. सरांचा जीव होता तिच्यावर.

सर डोळ्याच्या ऑपरेशनला निघाले, ते टांग्यात बसता बसताही सूचनाच देत होते.

"डिकरा, दारावर कागद लावलाय. त्यात लिहिलंय तसंच. तुझं डोकं चालवू नको."

आता श्रीपतीसारख्या माणसाला डोकं चालवू नको म्हणणं म्हणजे माकडाला झाडावर चढू नको म्हणणं.

२

कागद मात्र एकदम शहाण्यासारखा होता. पेट्या जमिनीवर ठेवायच्या नाहीत, टेबलाच्या कडेला तर नाहीच नाही. हा प्राणी हातभर उंचीवरून पडला तरी पोट फुटून मरतो. खिडकीचं ऊन काचेवर येऊ द्यायचं नाही, पेटीची भट्टी होते. दाराजवळ नको, दार आपटलं की हादरा बसतो. फ्लिटचा, म्हणजे डासांच्या औषधाचा, पंप या बाजूच्या खोल्यांत आणायचासुद्धा नाही. कुणी उताणी पडलेली दिसली तर मेली समजायचं नाही, ती कात टाकत असते. अशा वेळी पेटी हलवायची नाही, उजेड मारायचा नाही, शेजारी धपधप चालायचं नाही. नाहीतर अर्ध्या कातीतच अडकून मरते.

सगळं पटलं. फक्त शेवटची ओळ पटेना.

"दिवा रात्रंदिवस चालू. दिव्याचं तोंड आहे तिथेच."

दिवा म्हणजे वाकड्या मानेचा टेबललँप. एका स्टुलावर, चाळीसचा बल्ब, त्याला लाल कागद गुंडाळलेला. आणि त्याचं तोंड होतं पेट्यांकडे पाठ करून, फळीच्या डाव्या टोकापलीकडच्या कोपऱ्याकडे. कोपऱ्यात काय? काही नाही. चुना लावलेल्या दोन भिंती आणि शहाबादी फरशी.

चौसष्टचा डिसेंबर. लोणावळ्याची थंडी अशी की सकाळी दात घासताना ब्रश आपोआप हलायचा. कोळी बिचारे गारठलेत, आणि ऊब चाललीय रिकाम्या कोपऱ्याला! श्रीपतीला हसूच आलं. सरांचे डोळे गेलेत म्हणून तर ऑपरेशन. कधीतरी स्टुलाला धक्का लागला असणार, दिवा फिरला असणार, म्हाताऱ्याला दिसलंच नसणार.

त्यानं स्टूल उचललं, फळीच्या उजव्या टोकाला, दाराच्या बाजूला नेऊन ठेवलं आणि दिव्याचं तोंड पेट्यांकडे वळवलं. चांगलं अंतर ठेवून, हां. काचेला हात लावून बघितला. कोमट. झकास.

३

दुसऱ्या दिवशी नवशा आला, बांबूच्या नळकांड्यात नाकतोडे घेऊन. नवशा डोंगराच्या वाडीवरचा. बांधातल्या बिळात गवताची काडी घालून कोळी बाहेर काढावा तर यानंच. सातांतले पाच त्यानंच धरलेले.

तो पेट्यांपुढं उभा राहिला आणि उभाच राहिला.

"श्रीपतीभाऊ, ही अशी का बसल्याती?"

"कशी?"

"उजेडाला चिकटून."

श्रीपतीनं वाकून बघितलं. साही जणी (थोरली सोडून) आपापल्या पेटीत उजवीकडच्या काचेला पोट लावून होत्या. बल्बकडे. पाय पसरलेले, एक दोघींचे तर काचेवर वर चढलेले.

"थंडी आहे ना नवशाभाऊ. शेकतायत."

"ह्यॅ! शेकाया ती काय सासुरवाशीन हाय?" नवशा हसला, पण नजर काही पेटीवरनं हलेना. "ही जात उजेडात न्हाई बसत. म्या बिळात बॅटरी मारली की आत आत सरकती. जीव जायाची येळ आली तरी उजेडाकडं येत न्हाई."

"मग?"

"मुंगी बघा. तांबडी मुंगी आली की बीळ सोडून पळत्यात. त्या अंगानं काय आलंय का बघा." त्यानं हनुवटीनं डावीकडं दाखवलं. कोपऱ्याकडं.

श्रीपतीनं गुडघ्यावर बसून बघितलं. मुंगी नाही. भोक नाही, फट नाही. फरशी स्वच्छ.

थोरली तेवढी खापराच्या आत दडून होती. सर निघायच्या आधीपासूनच तिनं काही खाल्लं नव्हतं. नवशा म्हणाला, "ही कात टाकनार. हिला जपा. मेली तर साहेब तुमास्नी उभं करनार न्हाईत."

४

श्रीपती शास्त्राचा विद्यार्थी. घाबरणं हा त्याचा विषयच नव्हता. प्राणी एखाद्या बाजूपासून दूर सरतो याला चार कारणं: वारा, हादरा, वास, शत्रू. एकेक काढून टाकायचं.

कोपऱ्यात उदबत्ती लावली. धूर सरळ सुतासारखा वर. वारा नाही. वाटीत पाणी ठेवलं. खंडाळ्याच्या घाटातून मालगाडी चढत आली तेव्हा पाण्यावर वर्तुळं उठली, बाकी वेळ आरसा. हादरा नाही. नाक फरशीला लावून हुंगलं. चुन्याचा वास. रात्री उंदीर-चिचुंद्री फिरते का म्हणून गव्हाचं पीठ भुरभुरलं. सकाळी पीठ जसंच्या तसं. एक रेघ नाही, एक ठसा नाही.

काही नाही म्हणजे काहीच नाही! यावर माणसानं खूश व्हायला पाहिजे. श्रीपती मात्र पुन्हा पेट्यांपुढं जाऊन उभा राहिला. सहा कोळी काचेला चिकटून बसलेत, उजेड सोसत, पाण्याच्या बशीकडेही वळत नाहीत, आणि कारण काहीच नाही.

मग त्याला एक कल्पना सुचली. सुचली कसली, डोक्यात शिरलीच. त्यानं चार लहान पेट्या उचलल्या आणि खोलीभर ठेवल्या. एक खिडकीखालच्या पेटाऱ्यावर, एक खुर्चीवर, एक समोरच्या भिंतीच्या कपाटावर, एक मधल्या टेबलावर. कागदावरचे निम्मे नियम मोडले, पण तासाभरापुरतेच. दिवाही बंद केला, म्हणजे उजेडाचा प्रश्न नको. आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन चहा प्याला.

परत येऊन बघतो तर प्रत्येकीनं बाजू बदललेली. खिडकीखालची खिडकीकडच्या काचेला लागून. कपाटावरची भिंतीकडे. प्रत्येक जण पेटीच्या वेगळ्या बाजूला, पण मनात एकच.

त्यानं खडू घेतला. प्रत्येक कोळ्यापासून ती जिकडे पाठ करून बसली होती तिकडे फरशीवर सरळ रेघ ओढली. चार रेघा. चारही एका ठिकाणी मिळाल्या.

कोपऱ्यात नाही. कोपऱ्यापासून हातभर अलीकडे.

५

"मावशी, हा दिवा इथे कधीपासून आहे?"

सरुबाई बंगल्यावर सैपाक-झाडलोट करायची. ती दाराच्या आत आली नाही, उंबऱ्यावरच हात पुसत उभी राहिली.

"म्या आल्यापास्नं. का?"

"त्याचं तोंड कुठे असायचं?"

"कोपऱ्याला." मग तिला दिवा दिसला, उजव्या टोकाला. तिचा हात पदरातच थांबला. "तुमी फिरवलात व्हय?"

"थंडी होती म्हणून. का? काय आहे तिथे?"

"मला काय ठावं. सायेब म्हनले, सरू, केर काढताना दिव्याच्या आड येऊ नगं, न्हाई आले. बलप गेला तर दुसरा लावीपर्यंत सायेब सोता हातात कंदील घिऊन हुबं ऱ्हायचे. भर दुपारचं! म्या म्हनलं, म्हातारपन, दुसरं काय."

"तुम्ही कधी काही बघितलंत?"

"न्हाई बाबा. मी बघतच न्हाई." आणि जाता जाता, स्वतःशीच, "आनी आता भाकरी टाकायला दिवस मावळायची वाट न्हाई बघायची. लवकरच टाकून जाती मी."

श्रीपतीनं ताबडतोब स्टूल उचललं, जुन्या जागी ठेवलं, दिव्याचं तोंड कोपऱ्याकडे केलं. लाल उजेड दोन्ही भिंतींवर पडला. हुश्श! पेट्या फळीवर ठेवण्याआधी त्यानं म्हटलं, बघावं, आता तरी त्या नीट बसतात का.

अर्ध्या तासानं नव्यानं रेघा ओढल्या.

कोपऱ्यापासून अडीच हात. दिव्याच्या अलीकडे. दिवा आता रिकाम्या भिंतींवर उजेड टाकत होता, आणि ते, जे काही होतं ते, त्याच्या पाठीमागे होतं.

श्रीपती स्वतःशी मोठ्यानं म्हणाला, "खडू जाड आहे. मोजायला चूक होते." खोलीत त्याचा आवाज त्याला आवडला नाही.

६

शनिवारी, सर यायच्या आदल्या दिवशी, दुपारी दीडच्या सुमाराला थोरली उताणी झाली.

आठही पाय वर, किंचित थरथरत. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या काळजाचा ठोकाच चुकावा. पण श्रीपतीला माहीत होतं. कात टाकतेय. तीन-चार तास. या वेळात तिचे दातही मऊ, पायही मऊ. मुंगीसुद्धा तिला खाऊ शकते. आणि ती पळू शकत नाही.

बाकीच्या सहा पळून घेत होत्या, जेवढं काचेत पळता येतं तेवढं. सकाळच्या रेघा थोरलीच्या फळीपासून दीड हातावर मिळाल्या होत्या. कोपरा मागे राहिला होता. दोन दिवस श्रीपती दिवा हातात घेऊन त्या जागेवर रोखत होता, माणूस भुंकणाऱ्या कुत्र्यावर काठी रोखतो तसा. दिवा इकडे केला की ते तिकडून सरकायचं, इतकंच.

आता काय करायचं? पेटी उचलून दुसरीकडे न्यावी तर हादरा. अर्ध्या कातीत मेली तर जागा गेली, आईनं शेजारी सांगितलेलं सगळं गेलं. दिवा तिच्यापुढे धरावा तर त्या उबेनं कात आतल्या आत वाळणार, पाय अडकणार. म्हणजे तेही मरणच. दिवा विझवावा तर...

श्रीपतीनं दिवा विझवला.

नियम होता म्हणून नव्हे. त्याला थोरलीच्या पायांची ती थरथर बघवेना. त्यानं चपला काढल्या, अलगद पावलं टाकत फळीपर्यंत आला आणि तिच्या पेटीकडे पाठ करून खाली बसला. गुडघे पोटाशी. तिच्या आणि खोलीच्या मध्ये.

बाहेर धुकं उतरलं होतं. खिडकीत उजेड होता, पण ताकाच्या पाण्यासारखा. खोलीतल्या सगळ्या वस्तू दिसत होत्या: स्टूल, टेबल, खडूच्या रेघा. भिंतीपलीकडे सरुबाईच्या भांड्यांचा आवाज आला, मग मागचं दार लागलं, मग तोही नाही.

मग त्याच्या लक्षात आलं की खडूच्या रेघा जिथे मिळतात तिथे फरशी दिसत नाहीये.

अंधार नव्हता तो. खिडकीचा उजेड सगळीकडून तिथवर येत होता आणि तिथे पडत नव्हता. स्टुलाएवढी जागा. फार तर कमरेएवढी उंच. श्रीपती डोळे मिचकावून बघत राहिला. धुकं, डोळ्यांवरचा ताण, झोप नाही. कारणं भराभर सुचत होती, शाळेतल्या हुशार पोरासारखी हात वर करकरून.

मग त्या जागेनं, बराच वेळ उकिडवं बसलेला माणूस या पायावरचा भार त्या पायावर घेतो ना, अगदी तसं केलं.

पाठीमागे काचेत, अगदी हलकं, कागद फाटल्यासारखं चर्र झालं. थोरलीची कात उलत होती. आता हललो तर ती गेली. श्रीपती हलला नाही. ओरडला नाही. डोळे मिटले, तेही हळूच. गुडघ्यांना गार लागलं. मग छातीला. मग गार असं काही राहिलंच नाही. फक्त कुणी अगदी शेजारी बसल्यावर आपण जरा अंग चोरून घेतो, तसं त्याचं अंग चोरलं गेलं.

७

साडेपाचला थोरली कातीबाहेर आली. फिकट, ओली, अंगाचा रंगच उडालेली, पण आठही पाय शाबूत. शेजारी तिची जुनी कात, जणू दुसरी एक कोळीण.

श्रीपती आनंदानं वेडाच झाला. दारात जाऊन त्यानं मागे वळून बघितलं. साही पेट्यांत साही जणी उजवी काच सोडून डावीकडे, खापराच्या अंधारात, दाराकडे पाठ करून बसलेल्या. कोळ्यानं बसावं तशाच. गेलं! जे काही होतं ते गेलं, किंवा नव्हतंच काही. पोटात भूक होती, डोक्यात वाचलेल्या गोष्टी होत्या, झालं. त्यानं फडकं ओलं करून फरशीवरच्या रेघा पुसल्या आणि त्या रात्री चार भाकऱ्यांवर ताव मारला.

रविवारी दुपारी सर आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. थोरली बघून त्यांचा दुसरा डोळा पाणावला. "शाब्बास डिकरा!" मग त्यांना विझलेला दिवा दिसला.

"दिवा हलवलास?"

श्रीपतीनं सगळं सांगून टाकलं. थंडी, स्टूल, पीठ, रेघा. सर फळीजवळ गेले. पेट्यांकडे बघत राहिले.

"तू जरा बाहेर व्हरांड्यात जा. खिडकीपाशी उभा राहा."

श्रीपती गेला.

"आता दाराकडे ये. बस. आता परत खिडकीकडे."

श्रीपती हसत हसत फेऱ्या मारत होता. म्हाताऱ्याला नवा डोळा पारखून बघायचाय! सर खिडकीतून एकदा त्याच्याकडे बघायचे, एकदा पेट्यांकडे. त्याच्याकडे, पेट्यांकडे. चौथ्या फेरीला त्यांनी हात वर केला.

मग सरांनी दिव्याची पिन भिंतीतून उपटली. वायर सावकाश दिव्याभोवती गुंडाळली आणि दिवा कपाटात टाकून दिला. आणि या माणसानं, ज्यानं गेल्या भेटीत तीन कप चहा पाजला होता, चहाचं विचारलंही नाही. उभ्या उभ्या पत्र लिहिलं, सही केली. पत्र हातात दिलं नाही. टेबलावर ठेवलं आणि चार पावलं मागे सरले.

"जागा तुझी. प्रिन्सिपॉलना मी बोललोय. साडेचारची गाडी आहे, मिळेल तुला. जा."

"सर, थोरलीला उद्या पाणी..."

"जा, डिकरा," सर म्हणाले. आवाज इतका मऊ होता की श्रीपतीला कानकोंडं झालं. "मला माफ कर."

माफी कसली? हे म्हणजे फारच झालं बुवा.

८

स्टेशनवर तो बाकावर बसला तेव्हा पत्र तीनदा वाचून झालं होतं. आईला कसं सांगायचं तेही ठरलं होतं: आधी तोंड पाडून आत शिरायचं, मग एकदम काढून दाखवायचं. बहिणी किंचाळतीलच.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई कोंबड्यांचं डालगं घेऊन बसली होती, कामशेतला निघालेली. डालग्यात एकाएकी गडबड उडाली. सगळ्या कोंबड्या पलीकडच्या बाजूला जाऊन एकमेकींवर चढल्या. डालगं कलंडलं.

"अगं बया! काय झालं गं तुमास्नी?" बाईनं डालगं सावरलं. मग श्रीपतीकडं, त्याच्या मांडीकडं, बाकाखाली वाकून बघितलं. "दादा, तुमच्यासंगं कुत्रं हाय का?"

"नाही."

"मग मांजार?"

श्रीपती उठला आणि डालग्याला वळसा घालून पलीकडे गेला. कोंबड्या फडफडत अलीकडे आल्या. तो पुन्हा इकडे आला. त्या तिकडे. दोन फेऱ्या झाल्या आणि त्याला व्हरांडा आठवला, त्याच्याकडून पेट्यांकडे वळणारी सरांची मान आठवली, आणि तो जागच्या जागी थांबला.

बाईनं डालगं उचललं आणि फलाटाच्या पार टोकाला जाऊन बसली.

साडेचारची गाडी आली. समोरच्याच डब्यात एक बाई मांडीवर मूल घेऊन खिडकीशी बसली होती. मूल हसत होतं, मग श्रीपतीकडे बघून हसायचं थांबलं. श्रीपतीनं दांडीला घातलेला हात काढून घेतला. खडकीच्या खोलीत रात्री सगळे ओळीनं झोपतात. भिंतीकडून वडील, मग आई, मग दोघी बहिणी, आणि दाराशी त्याची पथारी. मध्ये वीतभरही जागा नसते.

गाडी सुटली. फलाट रिकामा झाला, धुकं रुळांवर उतरलं. कुणीतरी फलाटावरचे दिवे लावले. श्रीपती बाक सोडून एका दिव्याखाली जाऊन उभा राहिला. मग थोडा सरकला, अगदी बल्बच्या खाली, उजेड डोक्यावर सरळ पडेल असा, आणि हात अंगाशी घट्ट धरले.

पुढची गाडी सव्वासातला होती. तीही त्यानं जाऊ दिली.